पथरी आणि जागेपुरती भूल



आमच्या बडोद्यात मुतखड्याला 'मुतखडा' फक्त पुण्याहून आलेले पाहुणे म्हणतात. दांडिया बाजारात चार पिढ्या काढलेल्या मराठी घरातसुद्धा शब्द 'पथरी' हाच. "अण्णांना पथरी झालीय" एवढं कळलं की पुढचं सगळं आपोआप सुरू होतं. कुणी कुळथाचं पाणी सांगतं, कुणी पानफुटीची पानं आणून देतं, कुणी कुठल्यातरी गावच्या वैद्याचा पत्ता देतं. आणि डॉक्टरांनी "काढून टाकू या" म्हटलं की घरातलं एक वडीलधारं माणूस ठरलेलं वाक्य बोलतं, "ह्या वयात भूल सोसणार नाही हो."

हे वाक्य आमच्या घरात तीन पिढ्या बोललं गेलं आहे. मी कॉमर्सचा माणूस, सगळी नोकरी बँकेत झाली. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा ह्या वाक्याचा माग काढला. ही भीती कुठून आली, ती कधी खरी होती आणि कधीपासून जुनी झाली, एवढंच बघायचं होतं. वाचता वाचता त्यात आपलं इंदूर निघालं, हैदराबाद निघालं, आमच्या शेजारचं नडियादही निघालं. म्हणून इथे लिहितो. डॉक्टरी सल्ला म्हणून वाचू नका, इतिहास म्हणून वाचा.

माझे आजोबा खानगी खात्यात कारकून होते. त्यांना पथरीची कळ यायची तेव्हा ते ओसरीवर गडबडा लोळत, असं आजी सांगायची. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं होतं. आजोबांनी नाही म्हटलं. कळ सोसेन, पण नाकावर क्लोरोफॉर्मचा रुमाल नको. त्यांच्या ऑफिसातला एक जण टेबलावरून उठलाच नव्हता म्हणे. खरं-खोटं देव जाणे. पण त्या काळी ही भीती वेडेपणाची नव्हती, हे आता वाचल्यावर कळतं.

मुळात पथरीचं ऑपरेशन हे माणसाने केलेल्या सगळ्यांत जुन्या ऑपरेशनांपैकी एक. सुश्रुताने ते सविस्तर लिहून ठेवलं आहे. गुडघाभर उंचीच्या फळीवर रोग्याला बसवायचं, एका दणकट माणसाच्या मांडीवर त्याला टेकवून धरायचं, गुडघे आणि कोपरं बांधायची. डाव्या हाताची दोन बोटं तेल लावून गुदद्वारातून आत घालून खडा खाली आणायचा आणि शिवणीच्या डाव्या बाजूला जवाएवढं अंतर सोडून छेद घ्यायचा. खडा पुरा काढायचा, कारण चुरा मागे राहिला तर तो पुन्हा वाढतो. मग रोग्याला गरम पाण्याच्या डोणीत बसवायचं.

आता ह्यातली गंमत बघा. शस्त्रक्रियेआधी रोग्याला जेवू घालावं आणि दुखणं सहन न होणाऱ्याला कडक मद्य पाजावं, असं सुश्रुतच सांगतो. भुलीचा तो जुना अवतार. पण ज्या थोड्या आजारांत रोग्याला उपाशी ठेवूनच सुरी चालवायची, त्यांच्या यादीत अश्मरी आहे. म्हणजे सर्वांत जास्त दुखणाऱ्या जागी पोटात काही नाही. हे काम करण्याआधी राजाची किंवा धन्याची परवानगी घ्यावी, असंही तो सांगतो. न केलं तर मरण नक्की, केलं तर शंका. आजच्या हॉस्पिटलात सही घेतात त्या कागदाचा हा पणजोबा म्हणायला हरकत नाही.

युरोपात तरी काय वेगळं होतं? लंडनचा रोजनिशीकार सॅम्युअल पेपिस ह्याचा खडा २६ मार्च १६५८ रोजी काढला, भुलीवाचून, बांधून ठेवून. खडा टेनिसच्या चेंडूएवढा. तो जगला, आणि त्या तारखेला दरवर्षी मेजवानी देत राहिला. चेसेल्डन नावाचा सर्जन १७२० च्या दशकात मिनिटाभरात खडा बाहेर काढायचा आणि त्याची कीर्ती त्या मिनिटाचीच होती. दुखणं कमी करता येत नव्हतं, तेव्हा फक्त त्याची मुदत कमी करता येत होती.

एक गोष्ट इथे लक्षात घ्यायला हवी. हे सगळे खडे मूत्राशयातले, म्हणजे लघवीच्या पिशवीतले. खालून हात पोचतो अशा जागचे. मूत्रपिंडातला खडा पाठीच्या जाड स्नायूंच्या आत, बरगड्यांच्या आडोशाला. तिथे जागृत माणसावर सुरी चालवणं जवळजवळ अशक्य. ठरवून, नीट मूत्रपिंड उघडून खडा काढण्याचं पहिलं ऑपरेशन लंडनच्या हेन्री मॉरिसने केलं ते १८८० साली. तोवर भूल येऊन तीसएक वर्षं झाली होती. मूत्रपिंडाच्या पथरीवर आज जे काही उपचार आहेत ते सगळे भुलीच्या पोटी जन्मले.

ती भूल आली १८४६ मध्ये, अमेरिकेत बोस्टनला. १६ ऑक्टोबरला मॉर्टनने ईथर हुंगवून दाखवलं. त्यावर पहिला मोठा लेख लिहिणारा तरुण सर्जन हेन्री बिगेलो. पुढच्याच वर्षी एडिंबरोत सिम्प्सनने क्लोरोफॉर्म आणलं. ह्याच बिगेलोने १८७८ मध्ये पथरीची नवी रीत काढली. लघवीच्या वाटेने चिमटा घालून खडा आत चिरडायचा आणि त्याच बैठकीत सगळा चुरा नळीने धुऊन बाहेर काढायचा. त्याआधीही चिरडत असत, पण मिनिटा-दोन मिनिटांच्या बैठका, त्याही पुनःपुन्हा, कारण रोगी जागा असायचा. झोपलेल्या रोग्यावर तास लागला तरी चालतो, हे बिगेलोला उमगलं.

आणि आता इंदूर. बिगेलोची रीत मोठ्या माणसांसाठी होती. लहान मुलांची वाट अरुंद, तिथे चिमटा जाणार नाही, असं जगभरचे सर्जन धरून चालले होते. त्या काळी आपल्याकडे गरीब घरच्या पोरांना मूत्राशयात खडे फार व्हायचे, आणि त्यांच्या नशिबी सुरीच. इंदूरच्या रेसिडेन्सीचे सर्जन डी. एफ. कीगन ह्यांनी १८८० च्या दशकात बारीक चिमटे वापरून मुलांवर हे करून दाखवलं. त्यावर पुस्तक लिहिलं, आणि विलायतेतल्या लोकांना इंदूरकडे बघून आपलं मत बदलावं लागलं. इंदूरकर मंडळी सराफ्याची, राजवाड्याची, होळकरांची सांगतात तेवढं हे सांगत नाहीत. सांगायला हवं.

हैदराबादची गोष्ट ह्याहून मोठी, पण इथे थोडक्यात. क्लोरोफॉर्मने माणसं मरत होती, म्हणजे आजोबांच्या ऑफिसातली गोष्ट हवेतली नव्हती. का मरतात, श्वास आधी थांबतो की हृदय, ह्यावर डॉक्टरांत भांडण. रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी म्हणत, श्वासाकडे बघा, नाडीकडे नको. निजामाच्या, म्हणजे मीर महबूब अली खान ह्यांच्या पैशाने १८८८ आणि १८८९ मध्ये दोन 'हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन' बसली. दुसऱ्यासाठी विलायतेतून तज्ज्ञ आले. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले. निकाल लॉरींच्या बाजूने लागला. १९११ मध्ये लेव्ही नावाच्या संशोधकाने दाखवलं की क्लोरोफॉर्म हृदयाला थेट दगा देऊ शकतं. म्हणजे कमिशनचा निकाल बराचसा चुकला, पण भूल देताना श्वासावर डोळा ठेवायची शिस्त त्यामुळे पक्की झाली. त्याच हैदराबादेत रूपाबाई फर्दुनजी भूल द्यायला शिकल्या. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांचं नाव घेतात.

म्हणजे पूर्ण झोपवण्याची भूल मिळाली, पण ती जिवावरची होती. ज्याचं हृदय धड नाही, छातीत दमा आहे, वय झालं आहे, त्याच्यापुढे प्रश्न तसाच राहिला. त्याला हवी होती जागेपुरती भूल. माणूस जागा, फक्त ती जागा बधिर.

ती सापडली डोळ्यांमुळे. व्हिएन्नात कार्ल कोलर नावाचा तरुण डॉक्टर, फ्रॉइडचा सहकारी. (हो, तोच मनाचा फ्रॉइड.) कोकेनने जीभ बधिर होते हे बऱ्याच जणांना माहीत होतं. कोलरच्या डोक्यात आलं की डोळ्यात थेंब टाकून बघावं. १५ सप्टेंबर १८८४ ला हायडेलबर्गच्या परिषदेत ह्याचं प्रात्यक्षिक झालं. कोलर स्वतः तिथे नव्हता. प्रवासाला पैसे नव्हते, दुसऱ्याने त्याचा निबंध वाचला. बँकेत आयुष्य गेल्यामुळे असेल, पण मला शोधापेक्षा हे रेल्वेभाडं जास्त लक्षात राहिलं.

डोळ्यापाठोपाठ नाक, घसा आणि लवकरच लघवीची वाट. मूत्रमार्गात कोकेनचं पाणी सोडून पथरीचे चिमटे घालू लागले. पण तिथलं नाजूक अस्तर औषध झरझर रक्तात ओढून घेतं आणि कोकेन जास्त झालं की झटके येतात, हृदय थांबतं. शिवाय व्यसन आहेच. औषध बरोबर होतं, पण विषारी होतं.

१८९८ मध्ये जर्मनीतल्या कील गावी ऑगस्ट बीअरने तेच कोकेन पाठीच्या कण्यातल्या पाण्यात सोडलं आणि कमरेखालचा सगळा भाग बधिर झाला. त्याची कथा आमच्या नातवंडांनाही आवडते. बीअरने आधी स्वतःवर प्रयोग करायला सांगितलं, पण सहायक हिल्डेब्रांटची पिचकारी सुईला बसेना आणि बीअरच्या पाठीतलं पाणीच गळून गेलं. मग बीअरने हिल्डेब्रांटच्या पाठीत सुई घातली. त्याच्या नडगीवर लोखंडी हातोडी मारली, पेटती सिगार टेकवली. काही नाही. दोघांनी आनंदाने वाइन प्याली, सिगार ओढल्या, आणि पुढचे कित्येक दिवस दोघांचीही डोकी ठणकत होती. एकाच्या तर नडग्याही. आपण जिला 'अर्धी भूल' किंवा 'पाठीतलं इंजेक्शन' म्हणतो ती ही. पुष्कळांना वाटतं की ती पूर्ण भुलीची धाकटी बहीण. तसं नाही. ती जागेपुरत्या भुलीच्याच जातीची, फक्त औषध सोडायची जागा कणा.

कोकेनचा पर्याय शोधताना आइनहॉर्नने नोव्होकेन काढलं, १९०५ पासून ते वापरात आलं. आणि मग स्वीडन. स्टॉकहोमला काही रसायनं तपासताना एर्ड्टमान नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने एक चिमूटभर जिभेला लावून बघितलं, तर जीभ बधिर. त्याचा सहकारी निल्स लोफग्रेन हा धागा धरून वर्षानुवर्षं बसला आणि १९४३ मध्ये त्याने आणि बेंग्ट लुंडक्विस्टने लिडोकेन तयार केलं. लुंडक्विस्टने त्याचे प्रयोग स्वतःच्या अंगावर केले. १९४८ पासून ते 'झायलोकेन' ह्या नावाने बाजारात आलं. दात काढताना तुम्हाआम्हाला टोचतात ते हेच. आजारी माणसाला लघवीची नळी घालताना जी थंड चिकट जेली सोडतात तीही हीच.

एवढं असूनही माझ्या वडिलांना १९६३ मध्ये पूर्णच भूल घ्यावी लागली. मी बारा वर्षांचा होतो. मूत्रपिंडात बोराएवढा खडा. बरगडीखालून पोटापर्यंत वीतभर कापायचं, एवढ्या भागाला टोचून टोचून बधिर करणं शक्य नव्हतं. जाळीच्या मुखवट्यावर ईथर टाकलं. दादा नंतर सांगत, "बावीसपर्यंत आकडे मोजले, तेवीस आठवत नाही." दोन दिवस ओकाऱ्या, पंधरा दिवस हॉस्पिटल, आणि सहा महिने पाण्याची बादली उचलायला बंदी. आजीने त्या दिवशी खंडोबाला बोललेला नवस फेडायला आम्ही पुढच्या वर्षी जेजुरीला गेलो. आमच्या घरातली भीती खरी पक्की झाली ती तेव्हा. दादा वाचले, तरी सगळ्यांच्या लक्षात राहिला तो वास.

नंतर जे झालं ते फार वेगाने झालं. १९७६ मध्ये, पुन्हा स्वीडनमध्येच, फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन ह्यांनी पाठीला बारीक भोक पाडून त्यातून खडा काढला. ७ फेब्रुवारी १९८० ला म्युनिकमध्ये ख्रिश्चन चौसी ह्यांनी एका रोग्याचा खडा बाहेरूनच, धक्क्याच्या लहरींनी फोडला. यंत्र विमानं बनवणाऱ्या डॉर्निअर कंपनीचं. रोग्याला पाण्याने भरलेल्या मोठ्या टबमध्ये बसवायचं आणि लहरी पाण्यातून आत जायच्या. सुश्रुताची डोण ऑपरेशननंतरची होती, ही ऑपरेशनचीच.

त्या टबातसुद्धा सुरुवातीला पूर्ण भूल किंवा पाठीतली भूल लागायची, कारण प्रत्येक धक्का कातडीवर बसताना सणकून लागतो. पुढच्या पिढीच्या यंत्रांत धक्का जास्त रुंद जागेतून आत शिरू लागला, त्यामुळे कातडीवरचा मार कमी झाला. मग दुखण्याच्या साध्या इंजेक्शनवर काम भागू लागलं. काही डॉक्टर कुशीत झायलोकेन टोचत, काही लिडोकेन आणि प्रिलोकेन मिसळलेलं मलम तासभर आधी जाड थापून ठेवत. मलमाचा काहींना फायदा झाला, काहींना विशेष नाही. कारण सरळ आहे. मलमाने कातडी बधिर होते, पण आतल्या बरगडीवर आणि मूत्रपिंडाच्या वेष्टनावर बसणारा मार त्याला कळत नाही.

हा मुद्दा मला एका भूलतज्ज्ञ स्नेह्याने समजावून दिला. मूत्रपिंडाचा गाभा कापला तरी फारसा दुखत नाही. दुखतं ते त्याचं वेष्टन, आणि लघवी साठणारी आतली पिशवी ताणली गेली की. पथरीची कळ म्हणजे तो ताण. म्हणून पाठीतून सुई घालायची वाट बधिर करणं सोपं. पण आत दुर्बीण घालून पाण्याचा दाब दिला की ताण येणारच. त्यामुळे दुर्बिणीने मोठा खडा काढायचा असेल तर बहुतेक ठिकाणी आजही पूर्ण किंवा पाठीतली भूलच देतात. फक्त टोचून मोठे खडे काढल्याचेही दाखले आहेत, पण ते निवडक रोग्यांवर.

आम्हा बडोदेकरांना हे सगळं जवळून दिसलं ते नडियादमुळे. गुजरात म्हणजे पथरीचं माहेर. उन्हाळा कडक, घाम फार, पाणी पिणं कमी. १९७८ मध्ये नडियादला मूळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटल सुरू झालं. ऐंशीच्या दशकात मी त्याच बाजूच्या एका शाखेत होतो. सकाळच्या गाडीत एक्स-रेची मोठी खाकी पाकिटं मांडीवर घेतलेली माणसं दिसायची. पूर्वी पथरी काढून आलेला माणूस महिनाभर काउंटरवर दिसायचा नाही. नंतर नंतर आठवड्यात पासबुक भरायला हजर.

तरी घराघरातलं ते वाक्य काही गेलं नाही.

२०१४ चा मे महिना. माझ्या थोरल्या वहिनी, वय ७८. हृदयाचं पंपिंग ३० टक्के. तीन दिवस थंडी वाजून ताप, लघवी कमी, डावी कूस धरलेली. सोनोग्राफीत दिसलं की डाव्या मूत्रवाहिनीत नऊ मिलिमीटरचा खडा अडकलेला, वरचं मूत्रपिंड फुगलेलं, आत पू. क्रिएटिनिन ३.८. रक्तदाब वरचा ९०. पुतण्याने मला बाजूला घेतलं, "काका, घरी घेऊन जाऊ. आईला भूल सोसणार नाही." तो चुकीचं बोलत नव्हता. पूर्ण भूल त्या हृदयाला झेपण्यासारखी नव्हती, आणि पाठीतल्या भुलीने रक्तदाब आणखी उतरतो. पण आत पू कोंडून ठेवला तर दोन दिवसांचा प्रश्न होता.

सर्जन गुजराती, चाळिशीचे. म्हणाले, "काका, बाने आखां बेहोश नथी करवानां. खाली जग्या बहेरी करीशुं." गुजरातीत बधिर करण्याला 'बहेरुं' करणं म्हणतात. आपला 'बधिर' आणि त्यांचा 'बहेरुं' एकच शब्द, दोन्हींचा मूळ अर्थ बहिरा. मला त्या घाईतही ते जाणवलं. जागा फक्त बहिरी करायची. तिला दुखण्याची हाक ऐकू जाणार नाही, एवढंच.

खडा त्यांना काढायचाच नव्हता. पाठीतून सुई घालून फुगलेल्या मूत्रपिंडात एक नळी सोडायची आणि कोंडलेलं बाहेर काढायचं, बस. ही युक्ती गुडविन नावाच्या अमेरिकन सर्जनने १९५५ मध्ये मांडली. आता ती सोनोग्राफीत बघत बघत करतात. वहिनींना उजव्या कुशीवर थोडं पालथं निजवलं. आत जाण्याआधी त्यांनी माझा हात धरला. "भाऊजी, मी झोपले आणि उठलेच नाही तर?" मी म्हटलं, "वहिनी, झोपवणारच नाहीयेत तुम्हाला. डॉक्टरांशी गप्पा मारायच्या आहेत." त्यांनी खरंच मारल्या. झायलोकेन आत जाताना दोन मिनिटं जळजळलं, मग दाबल्यासारखं वाटलं, एवढंच नंतर सांगितलं. वीस-पंचवीस मिनिटांत नळी बसली आणि पिशवीत ताकासारखं गढूळ पाणी यायला लागलं. दुसऱ्या रात्री ताप उतरला. आठवड्यात क्रिएटिनिन दीडवर आलं.

पाच आठवडे ती पिशवी कमरेला बांधून वहिनी घरात फिरत होत्या. तिच्यावर त्यांनी जुन्या साडीची खोळ शिवली होती. ताकद आल्यावर खालच्या वाटेने बारीक दुर्बीण घालून लेझरने खडा फोडला, तेव्हा पाठीतली भूल अगदी कमी मात्रेत दिली. त्यानंतर त्या सहा वर्षं होत्या. दोन नातसुनांच्या डोहाळजेवणाला त्यांच्या हातच्या पुरणपोळ्या आम्ही खाल्ल्या.

आता हिशेबाचं थोडं, कारण राहवत नाही. झायलोकेनच्या बाटलीवर २ टक्के असं लिहिलेलं असतं. हा व्याजाचा टक्का नव्हे. १०० मिलीत २ ग्रॅम, म्हणजे १ मिलीत २० मिलिग्रॅम. सुरक्षित मर्यादा साधारण शरीराच्या दर किलोला ३ ते ४.५ मिलिग्रॅम धरतात. ६० किलोच्या माणसाला १८० ते २७०, म्हणजे २ टक्क्यांचं ९ ते साडेतेरा मिली. अॅड्रेनलिन मिसळलेलं असेल तर मर्यादा वाढते, कारण औषध रक्तात सावकाश उतरतं. मर्यादा ओलांडली तर आधी ओठांभोवती मुंग्या येतात, कानात गुणगुण होते, मग झटके येऊ शकतात. म्हणून 'फक्त टोचायचं तर आहे' म्हणून हे घाईचं काम नव्हे. अॅलर्जी, हृदयाच्या गोळ्या, आधीची बायपास, हे सगळं जागेपुरत्या भुलीआधीही सांगायचं असतं.

मला हटकून विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, किडनीच कमजोर असताना हे औषध चालतं का? लिडोकेनची विल्हेवाट मुख्यतः यकृत लावतं. लघवीतून ते जसंच्या तसं जातं ते दहा टक्क्यांहूनही कमी. त्यामुळे कमजोर मूत्रपिंडाच्या माणसालाही बेताच्या मात्रेत ते देता येतं. फार आजारी आणि म्हाताऱ्या माणसाला मात्रा आणखी कमी करतात. खरा धोका पथरीच्या कळीवर आपण दुकानातून आणून घेतो त्या गोळ्यांत आहे. डायक्लोफेनॅकसारखी औषधं कळीवर उत्तम, धडधाकट माणसाला डॉक्टर आधी तीच देतात. पण मूत्रपिंड आधीच अडलेलं असेल तर तीच त्याला आणखी खाली ओढतात. वहिनींनी तापाच्या त्या तीन दिवसांत अशा सहा गोळ्या घेतल्या होत्या, पुतण्याला नंतर उशीखाली रिकामं पाकीट सापडलं.

कळीवरच लिडोकेन शिरेतून देऊन बघण्याचेही प्रयत्न झाले आहेत. २०१२ मध्ये इराणमधल्या तब्रीझच्या डॉक्टरांनी २४० रोग्यांवर त्याची मॉर्फिनशी तुलना केली, आणि लिडोकेनने कळ चांगली उतरल्याचं छापलं. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत तेवढं यश दिसलं नाही. हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवावं लागतं ते वेगळंच. त्यामुळे कळीवरच्या औषधांत त्याला अजून पहिला मान नाही. कोलरच्या डोळ्यातल्या थेंबापासून निघालेलं औषध सव्वाशे वर्षांनी पथरीच्या कळीपाशी येऊन थबकलं आहे, असं म्हणू.

इंदूरच्या मंडळींना एक विनंती. कीगनसाहेबांच्या काळात रेसिडेन्सीच्या दवाखान्यात कुणाचे पणजोबा कंपाउंडर, ड्रेसर किंवा कारकून असतील, घरी एखादा जुना कागद, दाखला, फोटो असेल तर इथे टाका. हैदराबादकरांनी अफझलगंजच्या जुन्या हॉस्पिटलबद्दल घरात ऐकलेलं लिहावं. मला त्या ऑपरेशनला आलेल्या पोरांबद्दल जाणून घ्यायचं आहे. ती कुठल्या गावची होती आणि त्यांना कोण घेऊन येत होतं, हे पुस्तकांत मिळत नाही.